अण्णांची मूठ साडेसतरा किलो

आमचे अण्णा म्हणजे माझे सासरे, वय ८१, जन्म दांडिया बाजारातला, लग्न पण तिथलंच, आणि तरुणपणचा सगळा वेळ गेला जुम्मादादा व्यायाममंदिरात, ज्याला बडोद्यात सगळे माणिकराव आखाडाच म्हणतात. मल्लखांब, लाठी, जोडी फिरवणं, सगळं केलेलं. घरात कोणाला साधी सर्दी झाली तरी त्यांचं औषध एकच, "बैठका मारा." हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे सगळी गाडी बैठकांवरच येऊन अडणार आहे.

उत्तरायण (संक्रांत) झाली आणि दोन दिवसांनी त्यांना थंडी वाजून ताप आला, पहाटे चारला धाप लागली, ओठ निळसर दिसायला लागले, मग कशीबशी गाडी काढली आणि जवळच्या एका खाजगी हॉस्पिटलला नेलं. न्यूमोनिया निघाला. ऑक्सिजन, सलाईन, अँटिबायोटिक, लघवीची नळी, सगळं तासाभरात लागलं. तो भाग सगळ्यांच्या घरी थोड्याफार फरकाने असाच असतो म्हणून सोडून देते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण डॉक्टरीण आली, म्हाताऱ्या पेशंटचंच वेगळं शिकून आलेली. तिने स्टेथोस्कोप लावायच्या आधी खुर्ची ओढली आणि विचारलं, आज कसे आहेत ते मला दिसतंय, ॲडमिट व्हायच्या दोन आठवडे आधी कसे होते ते सांगा. तिच्या फाईलमधे एक कागद होता, त्यावर लहान लहान माणसांची चित्रं, पहिला पळणारा आणि मग होत होत शेवटी पलंगावर. १ ते ९ आकडे. क्लिनिकल फ्रेल्टी स्केल म्हणतात त्याला (फ्रेल्टी म्हणजे म्हातारपणी शरीर नाजूक, कमजोर होणं), कॅनडातल्या डॉक्टरांनी २००५ मधे काढलं, तेव्हा सातच पायऱ्या होत्या, नंतर नऊ झाल्या. आजार झाल्यावर सगळेच पलंगावर दिसणार, म्हणून दोन आठवडे मागचं विचारायचं, असं तिचं म्हणणं.

नवऱ्याने लगेच सांगितलं, "एकदम फिट. रोज सूरसागर तलावाला चक्कर मारतात."

मी गप्प. आता सासऱ्यांसमोर आणि नवऱ्यासमोर, परक्या माणसाला काय सांगायचं? पण खरं असं होतं की सूरसागरची चक्कर दिवाळीपासूनच बंद होती, अण्णा फक्त खाली ओटल्यापर्यंत जायचे आणि तिथे बसून अर्ध्या तासाने वर यायचे, नवरा ऑफिसातून आला की त्याला वाटायचं फिरून आलेत. बँकेची पासबुकं मी भरून आणत होते. गोळ्या मी डबीत वाराप्रमाणे घालून देत होते. जिना चढताना मधल्या वळणावर थांबून कठड्याला हात लावून "हा कठडा हलतोय, मिस्त्रीला सांग" असं म्हणायचे, कठडा काही हलत नव्हता. आणि दिवाळीतच त्यांची अंगठी बोटातून निसटायला लागली म्हणून मी आतून दोरा गुंडाळून दिला होता, तेव्हा मीसुद्धा एवढाच विचार केला की थंडीत बोटं बारीक होतात.

डॉक्टरीणबाई बाहेर पडली तशी मी तिच्या मागे गेले आणि कॉरिडॉरमधे हे सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "भाऊंनी सांगितलं त्यावर मी तीन लिहिलं होतं, तुम्ही सांगताय ते पाच आहे." तीन म्हणजे आजार आहेत पण आटोक्यात, बरं चाललंय. पाच म्हणजे बाहेरची कामं, पैशाचं, औषधांचं दुसऱ्याला बघावं लागतंय. मग तिने विचारलं की वर्षभरात वजन किती उतरलं. मला माहीत नव्हतं. पण पेसमेकरची फाईल पिशवीत होती (दोन वर्षांपूर्वी बसवलाय), त्यात मागच्या जानेवारीतल्या तपासणीला ६६ किलो लिहिलेलं, आणि इथे ॲडमिट करताना ६१. डाएट नाही, काही नाही, पाच किलो गायब. वर्षात साडेचार किलो किंवा वजनाच्या पाच टक्के आपोआप उतरणं ही फ्रेल्टीच्या पाच खुणांमधली एक आहे म्हणे, बाकीच्या चार म्हणजे सतत थकवा, हालचाल कमी होणं, चाल मंदावणं आणि पकड ढिली पडणं, पाचातल्या तीन असल्या की माणूस फ्रेल. मी मनातल्या मनात मोजलं आणि पुढे विचारलंच नाही.

पण खरी मोजमापं लगेच झाली नाहीत. तिसऱ्या रात्री अण्णांना भ्रम झाला, ऑक्सिजनची नळी काढून टाकली, वॉर्डबॉयला "खांबाला तेल लावलंस का रे" म्हणून ओरडायला लागले. दोन दिवस तसेच गेले. माणूस सांगितलेलं ऐकून करू शकत नाही तोपर्यंत पकड, चाल ह्यातलं काहीच मोजता येत नाही, आणि गंमत अशी की ज्यांचं मोजायची सगळ्यात जास्त गरज तेच त्या वेळेला भ्रमात नाहीतर झोपेत. आणि त्या पाच दिवसात वॉर्डवाल्यांनी त्यांना एकदाही पलंगावरून उतरवलं नाही. मी विचारलं तर "पडतील, जोखीम कोण घेणार" हे उत्तर, दोन्ही बाजूचे कठडे वर, लघवीला नळी आहेच, जेवण पलंगावरच. त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही म्हणत, रात्री एक नर्स आणि पंधरा-सोळा पेशंट. पण राग येतो तो येतोच.

पाचव्या दिवशी नवरा खुशीत आला, "वजन वाढलं! साडेत्रेसष्ट!" चार्टवर खरंच ६३.५ होतं. नेमकी त्याच वेळेला फिजिओथेरपिस्ट आली, गुजराती मुलगी, भारी गोड, अण्णांना दादा म्हणायची. तिने काही न बोलता अण्णांच्या घोट्याजवळ अंगठा दाबला आणि उचलला. खळगा पडला, कणकेत पडतो तसा, आणि तो भरून यायला किती वेळ लागला. सलाईनचं पाणी. अंगात पाणी साठत होतं आणि आम्ही वजन वाढलं म्हणून आनंद करत होतो.

मग तिने टेप काढली, शिवणकामाला असते तशीच. पाय खाली टेकवून गुडघा काटकोनात, पोटरीवर टेप वर-खाली सरकवत सगळ्यात जाड जागा शोधायची, टेप आवळायची नाही, नुसती टेकवायची. ३२.५ सेंटिमीटर. पुरुषांची ३४ च्या खाली असेल तर स्नायू कमी झाल्याचा संशय घ्यायचा, बायकांची ३३ च्या खाली. हे आशियातल्या लोकांसाठी २०१९ मधे ठरवलेले आकडे, युरोपवाल्यांची फूटपट्टी वेगळी. आणि ३२.५ हे सूज धरून, म्हणजे खरी पोटरी अजून बारीक. तिने पेन्सिलीने कागदावर आकड्यापुढे "सूज" असं लिहिलं, ते मला आवडलं.

ह्या सगळ्याला, म्हणजे म्हातारपणी स्नायू आणि त्यांचा जोर कमी होण्याला, सार्कोपेनिया म्हणतात, १९८९ मधे आयर्विन रोझेनबर्ग नावाच्या माणसाने हा शब्द काढला, ग्रीकमधे त्याचा अर्थ होतो मांसाची गरिबी. आमच्याकडे "म्हातारपणी माणूस वाळतोच" म्हणून विषय संपतो, त्याला आजार कोण म्हणतं.

सहाव्या दिवशी अण्णा बऱ्यापैकी शुद्धीत होते, नळी पण निघाली होती (डॉक्टरीणबाईने भांडून काढायला लावली), आणि फिजिओवाली ते पकड मोजायचं यंत्र घेऊन आली. डायनॅमोमीटर. जड लोखंडी हँडल, वर वजनकाट्यासारखी तबकडी, त्यात दोन काटे, एक काटा जिथपर्यंत जास्तीत जास्त जोर गेला तिथेच थांबून राहतो. अण्णांना खुर्चीत बसवलं, पावलं जमिनीला, कोपर अंगाला चिकटून काटकोनात, मनगट सरळ. डाव्या हाताला सुई होती म्हणून उजवाच. "दादा, जोरथी दबावो! हजी जोरथी!"

अण्णांनी दाबलं. मानेच्या शिरा फुगल्या, तोंड लाल झालं, हनुवटी थरथरायला लागली. काटा १६ वर. मधे मिनिटभर विश्रांती, मग साडेसतरा. तिसऱ्यांदा १७. तिघांतला सगळ्यात मोठा धरायचा. पुरुषांना २८ किलोच्या खाली म्हणजे कमी.

अण्णा म्हणाले, "यंत्र बिघडलंय."

ती हसली नाही, ते बरं केलं. म्हणाली मग भाभी तुम्ही करून बघा. मी दाबलं, २४. बायकांना १८ पुरतात. अण्णांनी मुलाकडे बघितलं, "आता तू." नवऱ्याचे ३८ आले. मग अण्णा काही बोलले नाहीत, फक्त स्वतःच्या पंजाकडे बघत राहिले, उलटा करून, सुलटा करून, ह्याच पंजाने मल्लखांबावर पकड धरली ना असं काहीतरी, मला काय माहीत, मी पण दुसरीकडे बघितलं.

त्यानंतर ती खुर्चीची टेस्ट. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं, हाताचा आधार नाही, बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पायात जोर कमी असं धरायचं. अण्णांना आधी अपमानच वाटला. "पाच? अहो मी रोज दोनशे मारायचो." हात घडी घातले, पुढे झुकले, अर्धे उठले, आणि धप्पकन परत खुर्चीत. परत झुकले. ह्या वेळेला उठलेच नाहीत. फिजिओवालीने स्टॉपवॉच बंद करून लिहिलं, "करू शकले नाहीत." हा पण एक रिझल्टच असतो म्हणे, शून्य म्हणून धरतात, टेस्ट राहिली असं नाही. अण्णांनी विचारलं काय लिहिलंस, तिने खरं सांगितलं. त्या दिवशी जेवले नाहीत.

मला वाटतं तोच दिवस खरा होता. न्यूमोनिया झालाय हे त्यांना बाहेरचं काहीतरी वाटत होतं, आलं तसं जाईल. हे त्यांच्या स्वतःच्या मांड्यांचं होतं.

नात्यातल्या एकाने फोनवर सल्ला दिला की जिममधे एक मशीन असतं, त्यावर उभं राहिलं की स्नायू किती, चरबी किती सगळं छापून येतं, ते का नाही करत. मी फिजिओवालीला विचारलं. तिने दोन कारणं सांगितली. ते मशीन अंगातून बारीक वीज सोडून मोजतं त्यामुळे पेसमेकरवाल्याला चालत नाही, आणि अंगात सूज असली की पाण्यालाच स्नायू समजतं. म्हणजे अण्णांना दोन्हीकडून बाद. डेक्सा म्हणून स्नायू-चरबी मोजणारा स्कॅन असतो, त्याला वेगळीकडे न्यावं लागणार, ऑक्सिजनवरच्या माणसाला कुठे फिरवायचं.

मग डॉक्टरीणबाईने पलंगापाशी सोनोग्राफीचं मशीन आणलं आणि मांडीचा फोटो काढला. मला आधी कळेचना, सोनोग्राफी म्हणजे पोटाची. भरपूर जेली लावून प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) नुसता टेकवायचा, दाबला तर स्नायू चपटा होतो आणि आकडा खोटा येतो. तिने मला स्क्रीन दाखवली, वर कातडी, मग चरबीचा पट्टा, त्याखाली मांडीचा पुढचा स्नायू, आणि तळाशी हाडाची पांढरी कमान. जाडी १.१ सेंटिमीटर. चांगला स्नायू काळपट दिसतो, अण्णांचा भुरकट, आतमधे पांढरे पांढरे ठिपके, म्हणजे जो उरलाय त्यात पण चरबी शिरलेली. किती असायला पाहिजे, विचारलं. ती म्हणाली ह्याला सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही, अण्णांचा अण्णांशीच ताडायचा, म्हणून तिने मांडीवर मार्करने फुली मारून ठेवली, पुढच्या वेळी तिथेच टेकवायला. आईंनी (सासूबाईंनी) अंग पुसताना ती फुली पुसायचा प्रयत्न केला, मी ओरडले.

तिनेच सांगितलं की अमेरिकेत २००७ मधे एक अभ्यास छापून आला होता, साठीच्या पुढच्या धडधाकट माणसांना, आजारी नाही हां, मुद्दाम दहा दिवस पलंगावर ठेवलं, तर नुसत्या पायातून जवळजवळ एक किलो गेला. मग ताप आलेल्या, न जेवणाऱ्या, ८१ वर्षांच्या माणसाचं काय होत असेल. मी पहिले पाच दिवस मनात मोजले.

तिथून पुढे गोष्टी बदलल्या. जेवण पलंगावर बंद, तिन्ही वेळा खुर्चीत. खाण्याचा हिशोब पण केला. आजारी म्हाताऱ्याला वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्राम प्रोटीन लागतं, म्हणजे अण्णांना दिवसाला सत्तर ते नव्वदच्या मधे. मी त्यांच्या ताटातलं मोजलं, खिचडी, पाण्यासारखी डाळ, अर्धी पोळी, एक कप दूध, ताक, जेमतेम तीस. आयुष्यभर घरात वरणभाताला पूर्ण अन्न मानलं आम्ही. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मग पनीर, घट्ट दही, मुगाचे पोळे, पिठलं, दुधात पावडर, असं सुरू केलं. अण्णांना पनीर रबरासारखं लागतं, पिठलं मात्र वाटी पुसून खाल्लं.

आठव्या दिवशी कॉरिडॉरमधे चालायची टेस्ट. जमिनीवर चिकटपट्टीच्या दोन रेघा, सहा मीटर अंतर, रेघेच्या थोडं आधीपासून चालायला लागायचं आणि रेघेच्या पुढे थांबायचं, म्हणजे सुरुवातीचं अडखळणं धरलं जात नाही. पळायचं नाही, नेहमीच्या चालीने. वॉकर घेतला तरी चालतं. अण्णांना १४ सेकंद लागले. सेकंदाला एक मीटरच्या खाली म्हणजे मंद, अण्णांचं अर्धं पण नाही. पण दोन्ही बाजूच्या खोल्यांतले नातेवाईक दारात येऊन उभे राहिलेले आणि एक काका "शाबाश दादा" म्हणाले, त्यावर अण्णांनी जी मान ताठ केली.

अकराव्या दिवशी डिस्चार्ज. सूज उतरली होती, वजन ५८. पोटरी ३०.८. फुलीवर परत प्रोब टेकवला, १.० सेंटिमीटर. पकड १८. आणि डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलं होतं? न्यूमोनिया, बरा झाला. औषधं. ह्यातलं एक अक्षर नाही. मी काउंटरवर विचारलं तर म्हणाले त्याचा कॉलम नाही. मग फिजिओवालीने तिच्याच पॅडवर सगळे आकडे तारखांसकट लिहून दिले, तो कागद मी पेसमेकरच्या फाईलला स्टेपल केला.

घरी आल्यावर अण्णांनी डायनिंगची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायला सांगितली, सरकू नये म्हणून. फिजिओवाली आठवड्यातून दोनदा घरी यायची. सुरुवातीला खुर्चीवर दोन उश्या ठेवून, कारण उंच बसलं की उठायला सोपं, मग एक उशी, मग नुसती खुर्ची. एका जुन्या डायरीत स्वतः लिहायला लागले, आखाड्यात लिहायचे तसं म्हणे, तारीख आणि आकडा. पहिली पूर्ण पाचाची नोंद २६ फेब्रुवारीची आहे, २३ सेकंद. होळीच्या आसपास १९ वर आले. पकड २१. बारा अजून लांब आहे आणि होईलच असं कोणी सांगितलेलं नाही. सूरसागरपर्यंत जातात, चक्कर पूर्ण होत नाही, बाकावर बसून येतात, पण आता तसं सांगतात.

मागच्या रविवारी जेवणं झाल्यावर त्यांना काय सुचलं कोण जाणे, आईंना म्हणाले, "तू बस बघू खुर्चीत." आई ७६. म्हणाल्या मला काय झालंय, माझी कामं कोण करतं मग. तरी बसल्या. नवऱ्याने मोबाइल धरला. दुसऱ्यांदा उठताना आईंचा हात नकळत टेबलाला लागला आणि अण्णा ओरडले, "हात लावलास! हे धरत नाही, पहिल्यापासून." परत केलं. चौदा सेकंद. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी मोबाइलकडे.

अण्णांनी चष्मा लावला, डायरीचं नवीन पान उघडलं आणि वर आईंचं नाव लिहिलं.

"रोज संध्याकाळी," म्हणाले, "माझ्याबरोबर." आई म्हणाल्या, "आधी ती भांडी होऊ देत."